देवस्थानाचे अलंकार व मालमत्ता यांचे मूल्यमापन : का आणि कसे

॥ श्री ॥



देवस्थानाकडील सोन्याचांदीचे अलंकार, पूजेची उपकरणे आणि जमिनी यांचे नव्याने मूल्यमापन करून घेण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने संमत केल्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून कार्यालयात दोन प्रकारची विचारणा होत आहे. काही वयोवृद्ध भाविकांचे म्हणणे असे की, देवीच्या अंगावर चढलेल्या वस्तूला माणसाने किंमत लावणेच अनुचित होय. दुसरी शंका अधिक रोखठोक आहे : किंमत काढतात, त्या अर्थी विकावयाचे ठरले आहे काय? विक्रीचा, वितळविण्याचा वा गहाण ठेवण्याचा कोणताही विचार मंडळासमोर नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. मग हा खटाटोप कशासाठी, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेख लिहिला आहे.

वस्तूची पारख हे काम आपल्या भागाला नवे नाही. बारा बलुतेदारांतील सोनाराकडे दागिने घडविण्याबरोबरच नाणी पारखण्याचेही काम असे आणि त्यावरून त्यास पोतदार म्हणत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या टापूत पोतदार हे आडनाव आजही सर्रास आढळते. सारा भरताना रयतेने आणलेले नाणे खरे की खोटे, झिजलेले असल्यास त्यावर किती बट्टा घ्यावयाचा, हे पोतदार सांगे. नावाला बट्टा लागणे, कसाला उतरणे, बावनकशी सोने हे आपले रोजचे शब्दप्रयोग याच व्यवहारातले आहेत. म्हणजे पारख करणे हा अविश्वास मानण्याची आपली परंपरा नाही. पोतदार नाणे वाजवून पाही, म्हणून देणाऱ्याचा अपमान झाला असे कोणी समजत नसे.

देवस्थानाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. मालमत्ता देवाची असते आणि विश्वस्त हे केवळ राखणदार असतात. राखणदाराने पुढच्या राखणदाराच्या हाती काय सोपविले, याची बिनचूक नोंद असली पाहिजे. मूल्यमापनाच्या कामातील सर्वात टिकाऊ भाग रुपयांचा आकडा नसून वजन, कस आणि वर्णन हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इ. स. २००० च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याने प्रथमच एक लाखाची पातळी गाठली. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी मांडलेली किंमत आज निरुपयोगी आहे. त्या वेळी नीट घेतलेले वजन मात्र आजही तितकेच उपयोगी पडते.

तोळ्याचा घोटाळा

आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. आपल्याकडील जुन्या नोंदी तोळे, मासे आणि गुंजा यांत आहेत. गुंज म्हणजे तांबड्या अंगाची व काळ्या ठिपक्याची ती परिचित बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा एक तोळा. मराठेशाहीत गावोगावची वजने थोडीफार कमीजास्त असत. पुढे ब्रिटिश अमलात चांदीच्या रुपयाचे वजन आणि तोळा एकच करण्यात आले, ते १८० ग्रेन, अर्थात सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यामुळे तराजूच्या पारड्यात रुपये टाकूनही तोळ्यांचे वजन करता येई. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली व कागदोपत्री तोळा गेला. बोलण्यातून मात्र तो गेला नाही. सराफी पेठेत दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला आणि तोच आजही चालू आहे.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. जुन्या वहीत ‘३ तोळे ४ मासे २ गुंजा’ अशी नोंद असेल, तर ब्रिटिश तोळ्याप्रमाणे तिचे ३९.१२ ग्रॅम होतात. त्याच नोंदीचा हिशेब दहा ग्रॅमच्या तोळ्याने केला तर साडेतेहतीस ग्रॅम येतात आणि दागिना आपोआप ‘वाढलेला’ दिसतो. उलट प्रकार अधिक घातक आहे. १९९० नंतर कोणी ‘५ तोळे’ असे लिहून ठेवले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा पन्नास ग्रॅम असतो. पुढे एखाद्या काटेकोर हिशेबनिसाने त्याचे ५८.३ ग्रॅम धरले, की आठ ग्रॅम सोने नाहीसे झाल्याचे कागदावर सिद्ध होते. सीमाभागातील एका देवस्थानात (नाव देण्याचे येथे कारण नाही) अशाच हिशेबावरून एका वृद्ध पुजाऱ्याकडे बोट दाखविले गेले होते. यथावकाश दात्याच्या घरी सराफाची मूळ पावती सापडली, तीवर वजन ग्रॅममध्ये होते व ते बरोबर जुळले. परंतु तोवर त्या गृहस्थांनी चाळीस वर्षांची पूजा सोडून गाव गाठले होते. मूल्यमापनाकडे केवळ हिशेबी उपचार म्हणून पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

आपल्या सीमाभागात दप्तर वाचणे हेच निम्मे काम असते. जुन्या वह्या मोडीत, नंतरच्या बाळबोध लिपीत, आणि जमिनीचे अलीकडचे सर्व कागद कन्नडमध्ये. शहापूरसारखी पेठ १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होती, बेळगाव शहर ब्रिटिश जिल्ह्यात होते, तर पलीकडे कोल्हापूर, कुरुंदवाड, सावंतवाडी ही संस्थाने होती. दाते या सर्व ठिकाणचे असल्याने दानपत्रेही तऱ्हेतऱ्हेची आहेत. म्हणून मूल्यमापकांना बोलावण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांकडून सर्व जुन्या नोंदींचे लिप्यंतर करून घ्यावयाचे व प्रत्येक नोंदीसमोर तिचा काळ लिहावयाचा, असे ठरले आहे. तोळा कोणता, हे काळावरूनच कळते.

दागिना कसा तपासतात

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अलंकार बाहेर काढताना पुजारी, दोन विश्वस्त, मूल्यमापक आणि भाविकांपैकी दोन पंच हजर असतील व संपूर्ण कामाचे चित्रीकरण होईल. प्रत्येक वस्तूस क्रमांक, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी, एकूण वजन, मणी व खड्यांची संख्या, तुटफूट, कोरलेली अक्षरे अशी नोंद होईल. ‘गळ्यातील हार १’ असली मोघम नोंद यापुढे चालणार नाही. ठुशी, बोरमाळ, पुतळीमाळ, वज्रटीक, चिंचपेटी, कोल्हापुरी साज असे नेमके नाव हवे.

एकूण वजन म्हणजे सोन्याचे वजन नव्हे. आपल्याकडील बोरमाळ, साज यांचे मणी व पाने पातळ पत्र्याची असून आत लाख भरलेली असते. दागिना न फोडता ही लाख किती, हे कसे ओळखावे? येथे आर्किमिडीजने सांगितलेले तत्त्वच उपयोगी पडते. वस्तू प्रथम हवेत व नंतर पाण्यात बुडवून तोलतात. बावीस कॅरेट सोन्याचा पन्नास ग्रॅमचा भरीव दागिना पाण्यात सुमारे २.८ ग्रॅमने हलका भरतो. तेवढ्याच वजनाची लाखेची बोरमाळ समजा दहा ग्रॅमने हलकी भरली, तर सोने व लाख यांच्या घनतेवरून गणित मांडता येते आणि तीत साधारण साडेएकेचाळीस ग्रॅम सोने व साडेआठ ग्रॅम लाख असल्याचे निघते. लाखेची घनता सर्वत्र सारखी नसते, मण्यांच्या भोकांतून पाणी आत शिरते, त्यामुळे हा आकडा अदमासेच समजावा व तसे अहवालात लिहावे. निव्वळ घनतेवर विसंबण्यातही धोका आहेच, कारण टंगस्टन या धातूची घनता शुद्ध सोन्याइतकीच, म्हणजे १९.३ च्या जवळपास असते आणि आत टंगस्टन घालून वर सोने चढविण्याची लबाडी जगभर झालेली आहे.

कस पाहण्याची सर्वात जुनी रीत कसोटीची. काळ्या दगडावर दागिना घासून रेघ ओढावयाची, शेजारी ठराविक कसाच्या सोन्याच्या काड्यांच्या रेघा ओढावयाच्या व त्यांवर तेजाब लावून कोणती रेघ किती टिकते ते पाहावयाचे. मुरलेला सराफ या रीतीने एक-दोन कॅरेटच्या आत अचूक सांगतो. नव्या काळात क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र आले आहे. ते दागिन्याला ओरखडाही न काढता मिनिटभरात सोने, चांदी, तांबे यांचे प्रमाण दाखविते. या यंत्राचा बडेजाव फार आहे, पण ते फक्त पृष्ठभागाचा पातळ थर वाचते. मुलामा चढविलेली वस्तू त्याला फसवू शकते. सांध्यांच्या जोडाला हलके सोने वापरलेले असते, तेथे यंत्र धरले तर आकडा खाली येतो. म्हणून एकाच दागिन्यावर निरनिराळ्या जागी किमान चार-पाच वेळा तपासणी व्हावी, असा आग्रह आपण धरणार आहोत. सर्वात अचूक परीक्षा भट्टीची. तीत सोन्याचा लहानसा तुकडा कापून, शिशाबरोबर तापवून, हीण काढून पाहतात. तिला मंडळाने मनाई केली आहे. देवीच्या अलंकाराचा तुकडा कापून मिळणाऱ्या अचूकतेची आपल्याला गरज नाही.

वरील बोरमाळ बावीस कॅरेटची ठरली, तर साडेएकेचाळीस ग्रॅमपैकी ९१.६ टक्के, म्हणजे सुमारे अडतीस ग्रॅम शुद्ध सोने झाले. त्यास त्या दिवसाचा भाव लावला की धातुमूल्य निघाले. जुने दागिने नेहमीच बावीस कॅरेटचे असतील असे मात्र मानू नये. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरेटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी आली होती व ती काही वर्षे टिकली. त्या काळातील दागिना हलका निघाला, म्हणून दात्याची वा सोनाराची लबाडी समजण्याचे कारण नाही. हॉलमार्कची व्यवस्था सोन्यासाठी २००० साली सुरू झाली व ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली ती १६ जून २०२१ पासून. तेव्हा जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही, यात काहीच वावगे नाही.

खड्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. वहीत ‘माणिक’ लिहिलेला लाल खडा पुष्कळदा माणिक नसून तामडा किंवा रंगीत काच असते. कोंदणाच्या मागे चकचकीत वर्ख बसवून खड्याला पाणी आणण्याची पद्धत होती, त्यामुळे तो खुलून दिसतो. यात फसवणुकीचाच हेतू होता असे नाही. इंग्लंडच्या राजमुकुटातील प्रसिद्ध मोठे ‘माणिक’ देखील तपासाअंती स्पिनेल नावाचा वेगळाच खडा ठरले आहे. कोंदण न उचकटता खड्याची खात्री देता येत नसेल, तर अहवालात ‘लाल खडा, संख्या इतकी’ एवढेच लिहावे. नथीतील मोत्यांचेही तसेच.

धातूपलीकडची किंमत

काही वस्तूंची किंमत धातूच्या भावाने काढणे म्हणजे ग्रंथ रद्दीच्या भावाने तोलणे होय. पुतळीमाळेचे उदाहरण घ्या. पुतळी हे मूळचे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे डुकाट नावाचे नाणे. ते १२८४ साली प्रथम पाडले गेले व १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत चालले. व्यापाराबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि त्यावरील उभ्या मानवाकृतींमुळे आपल्याकडे पुतळी म्हणून रूढ झाले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. पुढे येथील सोनारांनी त्याच छापाच्या पुतळ्या पाडल्या आणि आज माळांमधून दिसणाऱ्या बहुतेक पुतळ्या त्याच असतात. परंतु एखाद्या जुन्या माळेत खरी व्हेनिसची नाणी, किंवा विजयनगरचे होन, ओवलेले असण्याचा संभव असतो. अशा नाण्याला नाणेसंग्राहकांच्या जगात सोन्याहून निराळी किंमत असते. ती माळ वितळविली तर नाणीही गेली आणि इतिहासही गेला. तेव्हा प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले जाईल.

घंटा, समया, पंचधातूच्या मूर्ती यांचेही असेच आहे. १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगीजांकडील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्धच आहे. तिची किंमत काशाच्या किलोच्या भावाने कोण करील? शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, धातूच्या व दगडी मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे व परवान्याशिवाय अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. चोरीस गेलेली मूर्ती परदेशात सापडली, तर ती आपलीच असे सिद्ध करण्यास जुने छायाचित्र आणि मापे हाच आधार असतो. मूर्तीच्या रकान्यात त्यामुळे ‘मूल्य : अनमोल’ असे लिहून मोकळे होण्यापेक्षा उंची, रुंदी, वजन, खुणा भरपूर लिहाव्यात आणि रुपयांचा रकाना खुशाल कोरा ठेवावा.

चांदीचे काम तुलनेने सोपे आहे. प्रभावळ, पालखीचा पत्रा, मखर या वस्तू लाकडावर मढविलेल्या असल्याने तराजूत घालता येत नाहीत. तेथे पत्र्याचे क्षेत्रफळ व जाडी मोजतात. एक चौरस फूट पत्रा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असेल, तर चांदीच्या १०.५ घनतेने त्याचे वजन सुमारे ४८८ ग्रॅम भरते. नक्षीमुळे जाडी सर्वत्र सारखी नसते, म्हणून पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. आपल्या जवळच असलेल्या हुपरीच्या चांदी कारागिरांना हे अंदाज तोंडपाठ असतात.

मोल कोणी करावे

या प्रश्नाचे उत्तर निपाणी भागातील शेतकऱ्यांना शिकविण्याची गरज नाही. तंबाखूची प्रत पाहणारा, भाव सांगणारा आणि माल घेणारा व्यापारी एकच असला म्हणजे काय होते, हे या भागाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले. बोरगा उकलून, पान चुरून, वास घेऊन ‘हलका’ असा शेरा मारला की वर्षाची मेहनत पाण्यात जाई. त्या असंतोषातून मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. जो घेणार त्याच्याच हाती पारख देऊ नये, हा धडा या मातीत फार महाग पडलेला आहे.

म्हणून आपल्या कामासाठी नेमले जाणारे दोन्ही मूल्यमापक निरनिराळ्या गावांचे असतील, देवस्थानाशी त्यांचा खरेदी-विक्रीचा, मोडीचा वा घडणावळीचा कोणताही व्यवहार नसेल व पुढील पाच वर्षे तो करणार नाहीत, असे त्यांजकडून लिहून घेतले जाईल. त्यांचे शुल्क ठोक असेल. मालाच्या किमतीवर टक्केवारीने शुल्क दिले, तर किंमत फुगविण्याचा मोह निर्माण होतो. दोघांनी स्वतंत्रपणे आकडे द्यावयाचे आणि फरक पडल्यास पंचांसमोर फेरतपासणी करावयाची. संपत्ती कराच्या कायद्याखाली सरकारकडे नोंदलेले मूल्यमापक असत. तो कर १ एप्रिल २०१६ पासून बंद झाला, तरी त्या नोंदणीची ओळख प्राप्तिकराच्या कामी पुढेही वापरात राहिली. अशी नोंदणी असलेल्या व्यक्तीस प्राधान्य दिले जाईल. नुसते दुकान मोठे आहे, ही पात्रता धरली जाणार नाही.

अहवालात कोणत्या दिवशीचा भाव, कोणत्या पेठेचा, आणि किंमत कोणत्या हेतूने काढली, हे तीन खुलासे नसतील तर तो स्वीकारला जाणार नाही. मोडीची किंमत, तसाच दागिना आज नव्याने घडविण्याचा खर्च आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत, हे तीन आकडे एकाच वस्तूसाठी सर्वस्वी भिन्न येतात. २०११ मध्ये तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराची तळघरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडून मोजदाद सुरू झाली, तेव्हा ‘एक लाख कोटी’ हा आकडा वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला. तो कोणत्याही तज्ज्ञ समितीचा अंतिम निष्कर्ष नव्हता, तर्क होता. पण एकदा सुटलेला आकडा परत घेता येत नाही.

विमा आणि लॉकर

मूल्याच्या आकड्याचा खरा व्यावहारिक उपयोग विम्यासाठी आहे. वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये आहेत म्हणजे त्यांची जोखीम बँकेवर आहे, असा सार्वत्रिक गैरसमज आढळतो. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्यांचा अपहार अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख, त्यापलीकडे नाही. सध्याच्या भावाने तीन लाखांत किती सोने बसते, हे वाचकांनीच काढावे.

स्वतंत्र विमा घ्यावयाचा तर किंमत खरी सांगावी लागते. दहा लाखांच्या मालाचा पाच लाखांचाच विमा उतरविला आणि त्यांपैकी दोन लाखांचा माल गेला, तर सर्वसाधारण विमापत्रातील सरासरीच्या कलमान्वये भरपाई दोन नव्हे, एक लाखच मिळते. हप्ता वाचविण्यासाठी जुनेच आकडे पुढे ओढीत राहणे किती महागात पडेल, ते यावरून कळावे. नवरात्रात व यात्रेत अलंकार लॉकरबाहेर असतात. तो काळ विमापत्रात स्पष्ट नमूद करून घेतला जाईल.

सोने बँकेत ठेवून व्याज का मिळवू नये, असेही काहींनी सुचविले आहे. केंद्र सरकारची सुवर्ण मुद्रीकरण योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली होती, तिच्या मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी २६ मार्च २०२५ पासून बंद झाल्या आहेत. चालू असत्या तरी तीत दागिना वितळवूनच सोने जमा होते, तेव्हा आपल्या जुन्या अलंकारांसाठी ती योग्य नव्हतीच. भाविकांनी वाहिलेली सोन्याची वेढणी, तुटके मणी यांचा विचार वेगळा होऊ शकतो, पण तो प्रश्न आज मंडळापुढे नाही.

जमिनी

जमिनीचे मूल्यमापन हा स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे सीमाभागापुरते बोलतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विंगेट यांच्या देखरेखीखाली या प्रदेशात जमीन मोजणी झाली, तेव्हा मातीची खोली, पोत व दोष पाहून जमिनीला आण्यांत प्रत देत. सोळा आणे म्हणजे उत्तम. आजही शेतकरी जमिनीची प्रत आण्यांत सांगतात, त्याचे मूळ तेथे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. परिणामी ज्या देवस्थानांच्या जमिनी दोन्हीकडे होत्या, त्यांना दोन राज्यांचे कायदे लागू झाले. आपलेही देवस्थान त्यांपैकी आहे.

कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या भूसुधारणा दुरुस्तीने कुळांकडील जमिनी सरकारात निहित झाल्या व कुळांना मिळाल्या. देवस्थानांना त्या बदल्यात वार्षिक रक्कम, म्हणजे तस्तीक, ठरवून देण्यात आली. महाराष्ट्रात देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन सातबारावर देवाच्या नावे राहिली, परंतु शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही. शेजारच्या मोकळ्या जमिनीचा बाजारभाव अशा जमिनीस लावणे चुकीचे ठरेल. कोणी कसत असेल, न्यायालयात वाद असेल, रस्ता नसेल, तर तेही मूल्यात उतरले पाहिजे.

मापांतही गफलत होते. कर्नाटकातील पहाणी पत्रकात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, महाराष्ट्रातील सातबारावर हेक्टर-आरमध्ये. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा व आर १०० चा. दोन्ही एकच समजण्याची सवय लहान क्षेत्रात खपून जाते, पण १ हेक्टर २० आर म्हणजे १२० गुंठे नव्हेत, २ एकर साडेअडतीस गुंठे होतात. शिवाय इकडे मुद्रांकासाठी उपनिबंधक कार्यालयाचे मार्गदर्शी मूल्य, जे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारण्यात आले, आणि तिकडे वार्षिक दर विवरणपत्र, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात. हे सरकारी दर म्हणजे बाजारभाव नव्हेत, तरी त्यांचे महत्त्व आहेच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा भाव ठरविताना मुद्रांकाचा किमान दर आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी यांपैकी अधिक असलेला आकडा धरतात व वर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासचा वाद सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याची आखणी जमिनीवर येऊन ठेपल्यावर कागद शोधीत बसणे उशिराचे होते. म्हणून दोन्ही राज्यांतील उतारे, नकाशे आणि ताब्याची स्थिती यांची पूर्ण नस्ती या निमित्ताने तयार होईल. कन्नड कागदांचा मराठी सारांश प्रत्येक नस्तीस जोडला जाईल, जेणेकरून पुढील विश्वस्तांना दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आकडे प्रसिद्ध करावेत काय, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. पारदर्शकतेसाठी सर्व काही संकेतस्थळावर टाकावे, असे तरुण सदस्यांचे मत पडले. दागिन्यांची छायाचित्रे व वजने जगासमोर मांडणे म्हणजे चोरांना यादी देणे होय, असे इतरांचे म्हणणे. अखेर असा निर्णय झाला की, वस्तूंची संख्या व गटवार एकूण वजन वार्षिक अहवालात द्यावे. तपशीलवार नोंदवही कार्यालयात राहील व कोणाही भाविकास पूर्वसूचना देऊन विश्वस्तांच्या समक्ष ती पाहता येईल. वैयक्तिकरीत्या मला हा मध्यम मार्ग पटतो. अहवालाच्या तीन प्रती राहतील : एक कार्यालयात, एक लेखापरीक्षकांकडे आणि एक मोहोरबंद करून बँकेत.

दात्यांना व त्यांच्या वारसांना नम्र विनंती आहे की, आपण अथवा आपल्या वाडवडिलांनी अर्पण केलेल्या अलंकारांची सराफाची पावती, देवस्थानाची दानपावती, जुने छायाचित्र किंवा घरच्या हिशेबवहीतील नोंद उपलब्ध असल्यास तिची प्रत कार्यालयात सकाळी १० ते १२ या वेळात आणून द्यावी. मूळ कागद आपल्याजवळच राहील. मोडीतील कागद असल्यास तो वाचता येत नाही म्हणून मागे ठेवू नये. सासरी गेलेल्या लेकींनी नवसफेडीसाठी परस्पर आणून वाहिलेल्या लहान वस्तूंची नोंद पुष्कळदा नावाशिवाय झालेली आहे. त्यांनी वर्ष व सण एवढे सांगितले तरी मोठी मदत होईल.



आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता